सायकल आणि बस : पर्यायी की पूरक?

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आम्हाला दोन प्रकारच्या वस्तू शिकवल्या जातात. चहा आणि कॉफी या पर्यायी वस्तू. एक महागली की माणूस दुसरीकडे वळतो. चहा आणि साखर या पूरक वस्तू. एकीची मागणी वाढली की दुसरीचीही वाढते. परीक्षेत या व्याख्या उदाहरणांसह लिहिल्या की गुण मिळतात. परंतु सायकल आणि बस यांना कोणत्या रकान्यात घालायचे, असे कोणी विचारले तर उत्तर इतके सोपे नाही. शहरात राहणाऱ्याला त्या पर्यायी वाटतील. सायकलीने गेला तर बसचे तिकीट वाचले, बसने गेला तर पायडल मारण्याचे श्रम वाचले. रस्त्यापासून आत असलेल्या खेड्यातल्या विद्यार्थ्याला मात्र दोन्ही लागतात, आणि त्याही एकाच दिवशी, एकाच प्रवासात. मग साहजिकच प्रश्न येतो: दोन्ही लागतात तर सायकल बसबरोबर नेता येईल काय? नेली तर त्याचा खर्च कोणावर पडतो? या दोन प्रश्नांचा हिशेब येथे मांडण्याचा विचार आहे.

लहान अंतर, मोठा वेळ

बेळगावातून बाहेर पडणारे रस्ते डोळ्यांसमोर आणा. एक वेंगुर्ल्याकडे जातो, एक खानापूर-लोंढ्याकडे, एक जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरतो. या रस्त्यांवर बस धावते. पण सगळी गावे काही रस्त्यावर वसलेली नाहीत. पुष्कळांचा बसशी संबंध येतो तो फाट्यापुरता. फाट्यापासून पुढे पाय, नाहीतर कोणाची तरी मोटारसायकल, नाहीतर भरेल तेव्हा सुटणारी वडापची जीप.

एक हिशेब करू. समजा, गाव फाट्यापासून ४ किलोमीटर आत आहे आणि फाट्यापासून बेळगाव २० किलोमीटर आहे. थांबत थांबत जाणाऱ्या बसला २० किलोमीटरला साधारण ४५ मिनिटे लागतात. गाव ते फाटा चालत यायला ५० मिनिटे. म्हणजे एकूण अंतराचा सहावा हिस्सा, पण निम्म्याहून अधिक वेळ तोच खातो. तेच ४ किलोमीटर सायकलीने आले तर १६ ते २० मिनिटे. जाताना अर्धा तास, येताना अर्धा तास, मिळून रोजचा एक तास वाचला. पावसाळ्यात पाचनंतर लवकर अंधारून येते तेव्हा या तासाची किंमत घड्याळात मोजण्यासारखी राहत नाही. विशेषतः मुलींच्या बाबतीत त्या एका तासावर शिक्षण चालू राहायचे की थांबायचे हे ठरते.

ही नुसती कल्पना नव्हे. बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुले-मुली यांच्यातील अंतर ४० टक्क्यांनी कमी झाले, असे त्यांना आढळले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की हा परिणाम मुख्यतः जिथे शाळा ३ किलोमीटरहून दूर होती तिथे दिसला. कर्नाटकातही २००६-०७ पासून बरीच वर्षे आठवीतल्या विद्यार्थ्यांना सरकारकडून सायकली मिळाल्या. आपल्या अनेक वाचकांनी त्या चालवल्या असतील.

पण हायस्कूल सायकलीच्या टप्प्यात असते, कॉलेज नसते. दहावीनंतर तीच सायकल अपुरी पडते आणि बस धरावी लागते. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली राज्यातील महिलांना सरकारी संस्थांच्या साध्या बसमधून मोफत प्रवास मिळू लागला. त्याने तिकिटाची अडचण मिटली. गाव ते फाटा हे ४ किलोमीटर मात्र होते तेवढेच राहिले.

टपावरची सायकल

आपल्याकडे सायकल बसबरोबर नेण्याची जुनी पद्धत म्हणजे टप. बसच्या टपावर लोखंडी कठडा आणि मागे शिडी. बाजाराच्या दिवशी या टपावर कोंबड्यांच्या पाट्यांपासून नांगराच्या फाळापर्यंत सर्व काही चढत असे, त्यात सायकलही. कंडक्टर मराठी असला तर “वर टाका” म्हणे, कन्नड असला तर “म्याल हाक्री” म्हणे. अर्थ एकच, की आपले ओझे आपण चढवा. मग एक जण शिडीवरून वर जाई, दुसरा खालून सायकल उचलून धरी. हँडल आधी वर, मागचे चाक नंतर. कंडक्टर लगेजचे तिकीट फाडी आणि घंटी मारी.

सायकल टपावर उभी ठेवत नाहीत, आडवी निजवतात. कारण उघड आहे. बसची उंची मुळातच ३ मीटरच्या वर. त्यावर आणखी एक मीटर उंचीची सायकल उभी केली तर रस्त्यावरच्या वडाच्या फांद्या आणि विजेच्या तारा तिला वाट देणार नाहीत. निजवताना चेनची बाजू वर ठेवतात, म्हणजे चेन आणि क्रँक दबत नाही. खालचे पायडल कठड्याच्या पट्ट्यांत अडकवले आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने सांगाडा दोन जागी बांधला की सायकल हलत नाही. दोरीपेक्षा ट्यूबची पट्टी बरी. ती ताण धरून ठेवते आणि रंग खरवडत नाही. एवढे करूनही मडगार्ड वाकणे, एखाददुसरी तार तुटणे हे चालायचेच. शिवाय टपावर चढण्यात माणसाला धोका असतो, तारांखाली तर फारच.

आता नव्या बांधणीच्या बऱ्याच गाड्यांना मागची शिडीही नाही आणि टपावर कठडाही नाही. त्यामुळे ही सोय हळूहळू कमी होत चालली आहे. पुष्कळांना याचे वाईट वाटते. परंतु टपाची पद्धत खरोखर स्वस्त होती काय, हे पाहिले पाहिजे.

खरा खर्च कशाचा?

आपल्याकडची साधी काळी सायकल २० ते २२ किलो भरते. बसमधल्या ५० उतारूंचे वजन सरासरी ६० किलोप्रमाणे ३,००० किलो होते. त्यापुढे सायकल म्हणजे एका उतारूचा तिसरा हिस्सा. तेवढ्याने डिझेल किती जास्त जळणार? जागेचे म्हणाल तर टप एरवी रिकामाच धावत होता. म्हणजे वजन आणि जागा या दोन्ही बाबतींत सायकलीचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य. तरीसुद्धा सायकल पाहिली की कंडक्टरच्या कपाळाला आठी पडते. ती नुसती त्याच्या स्वभावामुळे पडते असे मला वाटत नाही.

कारण खर्च पडतो तो वेळेचा. समजा, सायकल टपावर चढवायला अडीच मिनिटे आणि उतरवायला दीड मिनिट लागले, म्हणजे एकूण ४ मिनिटे. बसमध्ये ५० माणसे आहेत. ५० गुणिले ४ म्हणजे २०० मिनिटे, अर्थात ३ तास २० मिनिटे. सायकलवाल्याचा त्या फेरीत वाचला अर्धा तास आणि इतरांचे मिळून गेले तीन तासांहून अधिक. लगेजच्या तिकिटाचे पैसे संस्थेच्या खात्यात जमा होतात, पण उतारूंची गेलेली मिनिटे कोणत्याच खात्यात नावे पडत नाहीत. गाडी उशिरा पोचली तर जाब मात्र ड्रायव्हर-कंडक्टरला द्यावा लागतो. तेव्हा त्यांची नाखुशी हिशेबाला धरूनच आहे.

आणि सायकल बसच्या आतच घेतली तर? हँडल कोणाच्या बरगडीला लागते, चेनचे वंगण कोणाच्या साडीला लागते आणि मधली वाट अडते. चढणारा-उतरणारा प्रत्येक जण तिथे अडखळतो. म्हणजे वेळेचा खर्च एकदा न पडता प्रत्येक थांब्यावर पडतो.

यावरून एक कसोटी हाती येते. सायकल नेण्याची कोणतीही पद्धत चांगली की वाईट हे ठरवायचे असेल तर ती किती वजन उचलते हे विचारू नये. ती बसला किती वेळ उभी करते हे विचारावे.

बसच्या तोंडावरचा घोडा

ही कसोटी परदेशात एका शहराने चांगली ओळखली. अमेरिकेतल्या सिॲटल शहरालगत लेक वॉशिंग्टन नावाचे मोठे सरोवर आहे. त्यावर १९६३ साली खुल्या झालेल्या तरंगत्या पुलावर सायकलीला वाटच ठेवलेली नव्हती. सायकलवाल्याला पलीकडे जायचे तर सायकलीसह बसने जाणे, नाहीतर फार मोठा वळसा घेणे. या गरजेतून तिथे बसवर सायकल नेण्याचे प्रयोग होत गेले. १९९० च्या दशकाच्या आरंभी तिथल्याच स्पोर्टवर्क्स या कारखान्याने बसच्या पुढच्या बाजूस बसवायचा एक घोडा तयार केला, आणि तो पुढे अमेरिका व कॅनडातील शहरांत पसरला. आज तिथल्या बहुतेक शहर-बसना तो दिसतो.

त्याची रचना अगदी साधी आहे. रिकामा असताना तो बसच्या तोंडाला उभा चिकटलेला असतो. उतारू मूठ दाबून तो खाली पाडतो, सायकल उचलून चाकांसाठी केलेल्या खाचांत ठेवतो, आणि स्प्रिंग लावलेला एक हात ओढून पुढच्या चाकावर अडकवतो. ना दोरी, ना पाना. सवय असलेल्या माणसाला १५ ते २० सेकंद पुरतात. ड्रायव्हरने जागेवरून उठायचे नाही, कंडक्टरने उतरायचे नाही. दोन, काही ठिकाणी तीन सायकली राहतात. प्रत्येकीच्या वजनाची मर्यादा साधारण २५ किलो, म्हणजे आपली काळी सायकलही त्यात बसते.

पुढेच का, मागे का नाही? पुढे असली की सायकल ड्रायव्हरच्या नजरेसमोर राहते. कोणी पळवत नाही, निसटू लागली तर कळते, आणि मालक ती उतरवत असताना बस चुकून सुटत नाही. स्वित्झर्लंडच्या डोंगरी मार्गांवर पिवळ्या पोस्ट-बसच्या मागे सायकली टांगतात. पण तिथे थांबे कमी आणि निवांत असतात. पुढच्या घोड्यालाही अडचणी आहेत. गाडीची लांबी वाढते, वळताना जास्त जागा लागते, आणि पुढचे दिवे झाकले जाणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.

आपल्या कसोटीला ही पद्धत लावून पाहू. चढवणे-उतरवणे मिळून ४० सेकंद धरले तर ५० उतारूंची ३३ मिनिटे होतात. टपाच्या २०० मिनिटांपुढे हा सहावा हिस्सा झाला. आणि इतर लोक दारातून चढत-उतरत असतानाच हे काम होत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

मग आपल्याकडे हे का होत नाही, असे कोणीही विचारील. झाले आहे. २०२१ साली बेंगळुरू महानगर परिवहन संस्थेने आपल्या काही बसगाड्यांच्या पुढे दोन-दोन सायकलींचे असे घोडे बसवले. त्याच वर्षी तिथल्या मेट्रोनेही घडीच्या सायकली बरोबर नेण्यास परवानगी दिली. कोची मेट्रोने तर २०२० मध्येच सायकलींना दार उघडले होते. परंतु बसवरचा घोडा बेंगळुरूच्या सर्व गाड्यांवर गेला नाही, आणि उद्या तो आपल्या फाट्यावरच्या बसला लावला तरी आपला प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. दोष घोड्याचा नाही, मागणीच्या स्वरूपाचा आहे. फाट्यावर सकाळी एकाच बसला दहा विद्यार्थी असतात आणि घोड्यावर जागा दोन. दोघांची सायकल जाईल, आठ जण तिथेच राहतील. ज्या सोयीची गरज सर्वांना एकाच वेळी पडते ती सोय दोन-दोनच्या मापाने पुरी होत नाही.

सायकल न नेण्याचा मार्ग

येथे मुंबईचे डबेवाले आपल्याला शिकवतात. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेला हा व्यवसाय लोकल आणि सायकल या दोन्हींवर चालतो. पण डबेवाल्याची सायकल लोकलमध्ये चढत नाही. चढतो तो डबा. घराजवळच्या स्टेशनापर्यंत एक सायकल, कचेरीजवळच्या स्टेशनापासून दुसरी सायकल. मधल्या प्रवासात सायकल नाहीच, म्हणून ती चढवण्या-उतरवण्याचा वेळही नाही.

सायकलींचा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नेदरलँड्सचेही तेच धोरण. गर्दीच्या वेळी आगगाडीत साधी सायकल नेऊ देत नाहीत. त्याऐवजी स्टेशनापाशी ती ठेवायची सोय करतात. उट्रेख्ट शहराच्या स्टेशनाखाली १२,५०० सायकली मावतील असा तळ २०१९ मध्ये पूर्ण झाला. सायकल बरोबर नेणे आणि सायकल भरवशाने ठेवणे यांत त्यांनी दुसरे निवडले.

आपल्या फाट्यावर उणीव आहे ती याच भरवशाची. सायकल फाट्याच्या झाडाला टेकवून बस धरणारा विद्यार्थी दिवसभर वर्गात बसतो, पण मनात सायकल असते. कोणी हवा सोडली, कोणी घंटी काढली, कोणी सायकलच नेली तर संध्याकाळी पुन्हा ४ किलोमीटर पायी. म्हणून पुष्कळ पालक सायकल घराबाहेर काढूच देत नाहीत.

यासाठी लागते काय? एका सायकलीला २ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद जागा पुरते. वीस सायकलींना १२ मीटर लांब आणि २ मीटर रुंद, म्हणजे २४ चौरस मीटर. वर पत्रा, खाली मुरूम, आणि चाक व सांगाडा दोन्ही साखळीने बांधता येतील असा जमिनीत पुरलेला आडवा लोखंडी पाइप. नुसते चाक बांधले तर चोर चाक सोडून बाकीची सायकल नेतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दिवसभर तिथे बसलेला माणूस. तो बहुतेक फाट्यांवर आधीच आहे: चहाच्या टपरीवाला, पंक्चरवाला, किराणा दुकानदार. त्याला महिन्याचे थोडे पैसे आणि बिल्ल्यांचा एक जुडगा दिला की स्टँड चालू झाला. शहरातल्या बस स्टँडजवळचे सायकल स्टँड याच पद्धतीने चालत आले आहेत. तेच फाट्यावर न्यायचे एवढेच.

कसोटी लावा: बसला उभे राहावे लागणारी मिनिटे, शून्य. दहा जण असोत वा वीस, प्रत्येकाचा रोजचा एक तास वाचतो आणि बसमधल्या कोणाचेही काही जात नाही. बस संस्थेलाही हे लाभाचेच. फाट्याशी जोडलेली गावे वाढली की उतारू वाढतात.

नेण्याची वेळ येतेच तेव्हा

याचा अर्थ सायकल बसबरोबर नेण्याची वेळ कधीच येत नाही असे नाही. वसतिगृहात राहायला जाताना, मोठ्या दुरुस्तीसाठी, परीक्षा संपल्यावर सायकल घरी नेताना ती न्यावीच लागते. सीमाभागात आणखी एक कारण असते. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन राज्यांमधील बसफेऱ्या काही काळ थांबल्या होत्या. अशा दिवसांत चंदगड तालुक्यातल्या गावांहून इकडे कॉलेजला येणाऱ्याला सीमेपर्यंत एक बस आणि सीमेनंतर दुसरे काहीतरी, असा प्रवास करावा लागतो. त्या मधल्या तुकड्याला सायकलीसारखे दुसरे वाहन नाही.

तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जिथून बस सुटते तिथेच सायकल चढवावी आणि शक्यतो शेवटच्या थांब्यावर उतरवावी. म्हणजे मधे कोणाचा खोळंबा होत नाही. गाडी सुटण्यापूर्वी पंधरा मिनिटे हजर राहून कंडक्टरला आधी विचारावे. सकाळ-संध्याकाळची गर्दीची फेरी टाळावी. लांब पल्ल्याच्या गाडीला खाली डिकी असेल तर पुढचे चाक काढून, सीट खाली करून, हँडल चाकाला समांतर वळवून सायकल आत निजवता येते. सळीचे ब्रेक असलेल्या जुन्या सायकलीचे हँडल मात्र असे वळवू नये, सळ्या वाकतात. पायडल काढायचे असेल तर डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरू नये. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की सुटते. जोर लावून उलट फिरवणारे आणखी घट्ट करून बसतात.

तात्पर्य

सायकल आणि बस या आपल्या भागात पूरक वस्तू आहेत. परंतु पूरक म्हणजे एकमेकींवर चढलेल्या नव्हेत. चहात साखर पडते म्हणून कोणी साखरेचे पोते किटलीवर बांधत नाही. दोन्ही जिथे एकत्र येतात ती जागा नीट असली म्हणजे झाले, आणि आपल्याकडे ती जागा फाटा आहे.

या कामाला मोठी योजना किंवा मोठा निधी लागत नाही. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी कोणत्या ना कोणत्या खेड्यात भरते. रस्ते झाडणे, झाडे लावणे ही कामे चांगलीच आहेत. पण एखाद्या वर्षी ज्या फाट्यावरून आपले सर्वांत जास्त विद्यार्थी बस धरतात तो फाटा निवडावा, ग्रामपंचायतीकडून जागा घ्यावी, पाइप पुरावेत, पत्रा घालावा आणि टपरीवाल्याशी करार करावा. पाटी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लिहावी. हिशेब ठेवायचे काम आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांकडे द्यावे. जमा-खर्चाच्या वहीला त्याहून चांगला धडा मिळणार नाही. वर्षअखेरीस त्या फाट्यावरच्या किती मुली पुढच्या वर्गात आल्या हेही त्याच वहीत लिहावे. खरा नफा त्या रकान्यात दिसेल.